क्लाउड बीआय टूल घेताय? "कनेक्ट झालं" म्हणजे "जुळलं" असं नसतं

बीआय म्हणजे डेटामधून रिपोर्ट आणि चार्ट बनवणारं टूल, आणि त्याच्या डेमोमध्ये सगळं चालतं. डेमो देणारा स्वतःची स्वच्छ एक्सेल फाइल ओढून टाकतो, दोन मिनिटांत रंगीत चार्ट तयार, मीटिंगमधले सगळे खूश. मग टूल विकत घेतलं जातं आणि आपल्या टेबलावर येतो तो जुना डेटाबेस, ज्याचा पासवर्ड फक्त एकाला माहितीये, आणि एक शेअर्ड फोल्डर ज्यात "फायनल", "फायनल२" आणि "फायनल खरंच" अशा तीन फाइली पडल्यात.

मी अशी कामं बरीच केलीत, त्यावरून सांगतो. क्लाउड बीआयमध्ये जुळणं चार थरांचं असतं. सोर्सला कनेक्ट होणं, रोज बिनबोभाट रिफ्रेश होत राहणं, जुन्या रिपोर्टचाच आकडा नव्यात येणं, आणि तो आकडा ज्याला दिसायला हवा त्यालाच दिसणं. विकणाऱ्याच्या कनेक्टरच्या यादीतल्या टिकमार्कवरून फक्त पहिला थर कळतो. बाकीचे तीन आपले आपल्यालाच तपासावे लागतात, आणि चारांतला तिसरा, म्हणजे आकड्याचा थर, सगळ्यात वाईट कारण तिथे एरर येतच नाही, फक्त चुकीचा आकडा येतो आणि तो चुकीचा आहे हे दोन महिने कुणाला कळत नाही.

पायरी १: यादी करा, पण उलटीकडून

बहुतेक लोक "आपले डेटाबेस कोणते" इथून यादी सुरू करतात, मी म्हणतो रिपोर्टकडून मागे या. सगळ्यात जास्त वापरले जाणारे दहा रिपोर्ट घ्या आणि प्रत्येकातल्या मुख्य आकड्याचा माग काढत पार मुळाशी जा. असं केलं की लपलेले सोर्स बाहेर येतात: कुणीतरी दर सोमवारी मॅक्रो चालवून बनवलेली शीट, एक ॲक्सेस फाइल, मेलला जोडून येणारी सीएसव्ही, किंवा डेटाबेसमधला एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) जो आतून दुसऱ्याच सर्व्हरवरून डेटा ओढतो. मॅक्रोवाल्या शीटची वेगळी खूण करा. क्लाउड टूल त्या फाइलमधला डेटा वाचेल पण मॅक्रो चालवणार नाही, म्हणजे ते बटण दाबणारा माणूस तुम्हाला लागणारच, नाहीतर ते लॉजिक दुसरीकडे नव्याने लिहावं लागणार.

प्रत्येक सोर्सपुढे लिहा: नेमकं व्हर्जन (नुसतं "एसक्यूएल सर्व्हर" नको, २००८ आहे की २०१९ ते), कुठे बसलाय, साधारण किती डेटा, किती वेळाने बदलतो, आणि मालक कोण. मालकाचा रकाना लोक गाळतात आणि मग परवानगी मागायला कुणाकडे जायचं यातच पंधरा दिवस जातात.

पायरी २: ड्रायव्हर आणि व्हर्जन

इथे कंटाळवाणं काम आहे पण निम्मी डोकेदुखी इथलीच.

पहिलं म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिट. जुन्या ॲप्लिकेशनसोबत आलेला ओडीबीसी (डेटाबेसशी बोलायची सर्वसाधारण पद्धत) ड्रायव्हर बऱ्याचदा ३२ बिट असतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या टूलचा गेटवे (क्लाउड आणि आतल्या डेटाबेसमधला पूल, पायरी ३ मध्ये बघू) ६४ बिटच आहे, त्यामुळे तो ड्रायव्हर मशीनवर असूनही गेटवेला दिसतच नाही. त्यात विंडोजची गंमत बघा, ६४ बिट ओडीबीसीची सेटिंग "सिस्टम३२" नावाच्या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटची "सिसवाव६४" मध्ये! हे माहीत नसेल तर माणूस अख्खा दिवस चुकीच्या खिडकीत कनेक्शन बनवत बसतो, मी बसलोय.

दुसरं टीएलएस, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करायची पद्धत. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले आणि क्लाउड सेवा आता किमान १.२ मागतात. एसक्यूएल सर्व्हर २००८ मूळ रूपात १.२ बोलत नाही, त्याला नंतर आलेला अपडेट लावावा लागतो, आणि त्याचा एक्स्टेंडेड सपोर्ट ९ जुलै २०१९ लाच संपलाय. असा सर्व्हर असेल तर बीआयच्या आधी तिकडे बघा.

तिसरं लॉगिनची पद्धत. मायएसक्यूएल ८.० पासून पासवर्ड तपासायची डीफॉल्ट पद्धत बदलली, त्यामुळे जुना ड्रायव्हर युजरनेम पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो आणि सगळे पासवर्डच बदलत बसतात. ड्रायव्हर बदला.

आणि कनेक्टरच्या यादीत "ओडीबीसी सपोर्ट आहे" एवढंच दिसलं तर खूश होऊ नका. खास त्या डेटाबेससाठी बनवलेला कनेक्टर वेगळा आणि सर्वसाधारण ओडीबीसीचा वेगळा. पॉवर बीआयच्या साध्या ओडीबीसी कनेक्टरने डेटा आत आणता येतो, पण थेट डेटाबेसवर क्वेरी चालवायची सोय त्यात नाही. असंच ऑनलाइन सेवांचं. सेल्सफोर्समधले तयार रिपोर्ट त्यांच्या रिपोर्टवाल्या कनेक्टरने ओढले तर २००० ओळींवर मर्यादा येते, मूळ ऑब्जेक्ट ओढले तर ही अडचण नाही. डेमोच्या डेटामध्ये ३०० ओळी असतात म्हणून तेव्हा कुणाला कळत नाही.

हे तपासायचं कसं? ट्रायल अकाउंट घ्या, यादीतल्या प्रत्येक प्रकारच्या सोर्समधलं सगळ्यात मोठं टेबल आणि सगळ्यात विचित्र टेबल अशी दोन जोडून बघा. छोटं, स्वच्छ टेबल जोडून काहीच सिद्ध होत नाही.

पायरी ३: नेटवर्क आणि गेटवे

तुमचा डेटाबेस आतल्या नेटवर्कमध्ये आणि टूल बाहेर क्लाउडमध्ये, म्हणजे मध्ये एक पूल हवा. पॉवर बीआयला तो ऑन प्रिमायसेस डेटा गेटवे, टॅब्लो क्लाउडला टॅब्लो ब्रिज, क्लिककडेही त्यांचा डेटा गेटवे आहे. सिक्युरिटीवाले पहिल्यांदा घाबरतात की बाहेरून आत दार उघडावं लागणार. तसं नाहीये, पॉवर बीआयचा गेटवे आतून बाहेर कनेक्शन करतो, आत येणारा पोर्ट उघडावा लागत नाही. हे त्यांना पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, बरीच भांडणं वाचतात. पण बाहेर जाणारे पत्ते आणि पोर्ट मात्र फायरवॉलमध्ये मोकळे करावे लागतात, आणि मधला प्रॉक्सी जर एन्क्रिप्टेड ट्रॅफिक उघडून तपासत असेल तर गेटवे तुटतो किंवा, त्याहून वाईट, कधी चालतो कधी नाही.

गेटवेच्या बाबतीत नेहमी होणाऱ्या चुका सांगतो. कुणाच्यातरी लॅपटॉपवर बसवतात, झाकण मिटलं की रिफ्रेश बंद. पर्सनल मोडमध्ये (एकाच माणसाच्या लॉगिनपुरता) बसवतात आणि मग ती व्यक्ती नोकरी सोडते. रिकव्हरी की लिहून ठेवत नाहीत, मशीन मेलं की सगळी कनेक्शन पुन्हा पहिल्यापासून. आणि माझी लाडकी चूक म्हणजे झेड ड्राइव्ह. डेस्कटॉपवर रिपोर्ट बनवताना फाइलचा पत्ता झेड ड्राइव्हवरचा दिला, सगळं चाललं, पब्लिश केल्यावर "फाइल सापडली नाही". कारण मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या लॉगिनपुरता असतो, गेटवे विंडोज सर्व्हिस म्हणून वेगळ्या अकाउंटखाली चालतो, त्याच्या जगात झेड नावाचं काही नसतंच. पूर्ण नेटवर्क पत्ता द्या, सर्व्हरच्या नावापासून, आणि त्या अकाउंटला फोल्डरची परवानगी द्या.

मग वेळेचं गणित. कागदावर करा, पाच मिनिटं लागतात. ५० जीबी डेटा आणि बाहेर जायचा वेग २० एमबीपीएस असेल तर फक्त पाठवायलाच साधारण साडेपाच तास. कॉम्प्रेशनमुळे कमी होईल, पण पॉवर बीआय प्रोमध्ये एका रिफ्रेशला दोन तासांची मर्यादा आहे, दिवसाला आठ शेड्यूल रिफ्रेश आणि मॉडेल १ जीबीपर्यंत. प्रीमियममध्ये ४८ रिफ्रेश आणि पाच तास. म्हणजे "सगळं टेबल रोज पूर्ण उचलू" हा बेत इथेच मोडतो आणि फक्त बदललेल्या ओळी उचलायची सोय करावी लागते, त्यासाठी टेबलमध्ये भरवशाचा "शेवटचा बदल कधी" कॉलम हवा. जुन्या सिस्टिममध्ये तो कॉलम असतो, पण हाताने डेटाबेसमध्ये दुरुस्ती केली की तो बदलत नाही, हे विचारून घ्या.

अजून एक बारीक गोष्ट, सलग चार वेळा रिफ्रेश फेल झालं की पॉवर बीआय शेड्यूलच बंद करतं. म्हणजे डेटाबेसचं मेंटेनन्स लांबलं तर नंतर आपोआप सुरू होईल असं धरून बसू नका.

पायरी ४: डेटा आणायचा की तिथेच ठेवायचा

"आम्हाला लाइव्ह पाहिजे" असं प्रत्येकजण म्हणतो. मी विचारतो, हा आकडा बघून तुम्ही दर तासाला वेगळा निर्णय घेता का? बहुतेक वेळा शांतता. लाइव्ह ठेवलं तर पानावरचा प्रत्येक चार्ट किमान एक क्वेरी टाकतो, बारा चार्ट आणि वीस माणसं सकाळी एकदम उघडतात म्हणजे २४० क्वेरी त्याच डेटाबेसवर जिथे लोक एन्ट्री करतायत, आणि मग एन्ट्रीवाले ओरडतात. शिवाय डायरेक्ट क्वेरीत (पॉवर बीआयची लाइव्ह पद्धत) एका क्वेरीचा निकाल दहा लाख ओळींच्या वर गेला की एरर येते. लुकरसारखं टूल तर मुळातच डेटाबेसवर एसक्यूएल पाठवून चालतं, आणि त्यात तयार टेबल साठवून वेग वाढवायचा असेल तर डेटाबेसमध्ये एका स्कीमावर लिहायची परवानगी लागते, जी डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) सहज देत नाही. हे टूल घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

माझं मत, जुना डेटाबेस असेल तर आणा. लाइव्ह फक्त एखाद दोन चार्टसाठी ठेवा, तेही डेटाबेसच्या वेगळ्या कॉपीवर.

पायरी ५: आकडा तोच येतोय का (इथे घाई करू नका)

दोन सिस्टिम एकाच डेटाकडे बघून वेगळी उत्तरं देतात आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात. सगळा खेळ या नियमांचा.

अक्षरांपासून सुरू करू. एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या सेटिंगमध्ये "एबीसी" कॅपिटल आणि स्मॉल एकच मानतो, पोस्टग्रेस, ओरॅकल, स्नोफ्लेक, बिगक्वेरी हे डेटाबेस वेगळे मानतात. म्हणजे वर्षानुवर्षं बरोबर चाललेला जॉइन (दोन टेबलांची जोडणी) नव्या वेअरहाउसमध्ये (रिपोर्टसाठीच्या डेटाबेसमध्ये) गेला की काही ओळी गळतात, आवाज न करता. शेवटच्या स्पेसचंही तसंच, एसक्यूएल सर्व्हर तुलना करताना शेवटच्या मोकळ्या जागा सोडून देतो, पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलमला त्या दिसतात. आणि पॉवर बीआय तर घरातल्या घरातच दोन मतांचं आहे: पॉवर क्वेरी (डेटा आत आणताना साफ करायचा भाग) कॅपिटल स्मॉल वेगळं धरतं, पण आतलं मॉडेल एकच धरतं. त्यामुळे तुम्ही पॉवर क्वेरीत डुप्लिकेट काढता, तिथे यादी स्वच्छ दिसते, आणि रिलेशनशिप जोडायला गेलात की "डुप्लिकेट व्हॅल्यू आहे" म्हणून रडतं. उपाय साधा, जोडणीचा प्रत्येक टेक्स्ट कॉलम आधीच ट्रिम करून एकाच केसमध्ये आणा, शक्य असेल तर डेटाबेसमधल्या व्ह्यूमध्येच.

तारखा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे टूलच्या लोकेल (देशाप्रमाणे तारीख लिहायची पद्धत) सेटिंगवर ठरतं, आणि डेस्कटॉपचं लोकेल एक, क्लाउडचं दुसरं असं सर्रास असतं. फसवं कसं ते बघा, दिवस १२ च्या आत असेल तर तारीख उलटी होते पण एरर नाही, १३ च्या पुढे असेल तर मात्र एरर किंवा रिकामं. म्हणून तपासताना महिन्याच्या सुरुवातीच्या तारखा बघा, शेवटच्या नकोत. सीएसव्हीमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं मागून घ्या म्हणजे वाद संपला.

वेळ म्हणाल तर क्लाउड सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. पॉवर बीआयमध्ये "आज" विचारणारं फंक्शन तुमच्या मशीनवर तुमची तारीख देतं आणि पब्लिश केल्यावर यूटीसीची. यूटीसीच्या पुढे असलेल्या ठिकाणी सकाळी लवकर रिपोर्ट उघडला की "आजची विक्री" मध्ये कालचा दिवस दिसतो आणि थोड्या वेळाने आपोआप बरं होतं, त्यामुळे तक्रार करणाऱ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. टाइमझोनची बेरीज वजाबाकी एकाच जागी लिहा.

आकड्यांची लांबी. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक धरतं, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत, त्यापुढे शेवटचे अंक बदलू शकतात. लांबलचक ऑर्डर नंबर किंवा खाते नंबर "नंबर" म्हणून घेतलेत तर दोन वेगळी खाती एकच दिसू शकतात. ज्याची बेरीज करणार नाही ते टेक्स्ट ठेवा, हा नियम भिंतीवर लावा. आणि पॉवर बीआयचा फिक्स्ड डेसिमल प्रकार दशांशानंतर चारच अंक ठेवतो, विनिमय दर सहा अंकी असेल तर मोठ्या रकमेत फरक पडतोच.

रिकामेपण हा अजून एक घोळ. ओरॅकल रिकामा मजकूर आणि नल (माहितीच नाही अशी खूण) एकच मानतो, बाकीचे बहुतेक मानत नाहीत. "ज्यांचा फोन नंबर भरलेला नाही" ही साधी मोजणीसुद्धा मग वेगळी येते. आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, वर्षाचा पहिला आठवडा कुठला, हेही टूलनुसार बदलतं, आठवड्याचे रिपोर्ट असतील तर स्वतःचं कॅलेंडर टेबल बनवा आणि टूलचं तयार वापरूच नका.

आणि देवनागरी किंवा इंग्रजी सोडून कुठलीही लिपी डेटामध्ये असेल तर नावं प्रश्नचिन्हांमध्ये बदललीत का बघा. मायएसक्यूएलमधलं जुनं "यूटीएफ८" तीन बाइटचंच आहे, त्यात देवनागरी मावते पण इमोजी मावत नाही, पूर्ण हवं तर यूटीएफ८एमबी४. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्ह साठलं असेल तर मात्र टूल बिचारं काय करणार.

पायरी ६: कोण काय बघणार

एसएएमएल किंवा ओपनआयडी कनेक्ट (कंपनीच्या एकाच लॉगिनने शिरायच्या पद्धती) चालतं का एवढं विचारून थांबू नका. लॉगिन झालं तरी त्या माणसाची ओळख डेटाबेसपर्यंत पोचते का हा खरा प्रश्न. डेटाबेसमध्ये माणसागणिक परवानग्या लावलेल्या असतील आणि टूल सगळ्यांच्या वतीने एकाच सर्व्हिस अकाउंटने क्वेरी करत असेल तर त्या परवानग्या गेल्याच समजा, सगळ्यांना सगळं. मग रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हा नियम) टूलमध्ये नव्याने बांधावी लागते. बऱ्याचदा अडचण नावाची असते, क्लाउडमधलं लॉगिन ईमेलसारखं आणि डेटाबेसमधलं आखूड, दोघांची जुळवणी करणारं टेबल लागतं.

तपासणी स्वतःच्या लॉगिनने करू नका. पॉवर बीआयमध्ये वर्कस्पेसचे ॲडमिन, मेंबर, काँट्रिब्युटर यांना रो लेव्हल सिक्युरिटी लागूच होत नाही, फक्त व्ह्यूअरला होते. मी एकदा पूर्ण दुपार "फिल्टर लागत नाहीये" म्हणून डोकं आपटलंय, फिल्टर ठीक होता, मीच ॲडमिन होतो. याची उलट बाजू जास्त धोक्याची, सोयीसाठी लोकांना मेंबर केलं की त्यांना सगळ्यांचे पगारसुद्धा दिसतात.

डेटा कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहणार हेही याच टप्प्यावर लेखी घ्या. युरोपमधल्या लोकांचा वैयक्तिक डेटा असेल तर २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा आहेच. टेनंटचा (क्लाउडमधल्या तुमच्या कंपनीच्या जागेचा) रीजन पहिल्या साइनअपला ठरतो आणि नंतर बदलणं म्हणजे घर हलवण्यासारखं, त्यामुळे ट्रायल कुणी, कुठल्या पत्त्याने सुरू केली याला महत्त्व आहे.

पायरी ७: जुने रिपोर्ट

एका टूलचा रिपोर्ट दुसऱ्यात "कन्व्हर्ट" होत नाही. टॅब्लोची गणितं, पॉवर बीआयचं डॅक्स, लुकरचं लुकएमएल, क्लिकचं सेट ॲनालिसिस, चारही वेगळ्या भाषा. कन्व्हर्टर विकणारे भेटतील, त्यांच्याकडून तुमचा सगळ्यात अवघड रिपोर्ट करून मागा, सोपा नको. अपवाद एक, एसएसआरएसचे (मायक्रोसॉफ्टचं जुनं रिपोर्टिंग टूल) आरडीएल रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये पेजिनेटेड (पानापानाचे) रिपोर्ट म्हणून बरेचसे जसेच्या तसे जातात.

म्हणून आधी छाटणी. वापराचा लॉग काढा, सहा महिन्यांत कुणी उघडला नाही तो हलवू नका. उरलेल्यातलं गणित जमेल तितकं डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये ढकला, टूलमध्ये फक्त दाखवायचं काम ठेवा, पुढे टूल बदललं तरी निम्मं काम वाचतं. पायथन वापरत असाल तर जपून, पॉवर क्वेरीतल्या पायथन स्क्रिप्टला रिफ्रेशसाठी पर्सनल गेटवे लागतो, म्हणजे फिरून त्याच लॅपटॉपवर. आणि रिपोर्ट बनवणारे मॅकवर असतील तर पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं हे खरेदीआधी कुणीतरी सांगायला हवं होतं असं नंतर ऐकावं लागतं. बघणाऱ्यांना कुठलाही चालू ब्राउझर पुरतो, पण रिपोर्ट आतल्या पोर्टलमध्ये एम्बेड करायचा असेल तर थर्ड पार्टी कुकी बंद असलेल्या ब्राउझरमध्ये उघडून बघाच.

पायरी ८: जोडीने चालवा

जुनं आणि नवं एकत्र किमान एक पूर्ण महिना चालवा, महिनाअखेर त्यात आली पाहिजे. रोज दहा ठरावीक आकडे दोन्हीकडून काढून शेजारी मांडा, एकूण बेरीज, ओळींची संख्या, आणि एखाद्या छोट्या विभागाचा आकडा, कारण एकूण बेरजेत दोन चुका एकमेकींना झाकतात. फरक आला की "जवळपास सारखंच आहे" म्हणून सोडू नका, प्रत्येक फरकाचं कारण एका वाक्यात लिहा. गंमत म्हणजे बऱ्याचदा चूक जुन्या रिपोर्टमध्येच निघते, आणि मग ती मान्य कोण करणार हा वेगळाच प्रश्न, त्यासाठी आधीच ठरवून ठेवा की वाद झाला तर कुठल्या सिस्टिमचा शब्द शेवटचा.

जुना सर्व्हर लगेच पाडू नका. रिपोर्ट बंद करा, लॉगिन फक्त वाचण्यापुरतं ठेवा, पण वर्षाचा हिशेब एकदा नव्या टूलमधून पूर्ण निघेपर्यंत तो जिवंत असू द्या, वर्षातून एकदाच चालणारा एखादा रिपोर्ट कुठल्याच लॉगमध्ये आणि कुणाच्याच यादीत नसतो.